चासी माझी, इंजिन त्याचं

आमची गाडी जिंकायची ती नेमकी कशामुळे, हे मला आजही धड सांगता येत नाही. विचारणारे मात्र अजून भेटतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला एखादा म्हातारा माझ्याकडे निरखून बघतो आणि म्हणतो, "तुमचीच ना ती बिनमडगार्डची गाडी?" मी हो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. इंजिनामुळे जिंकायची, की चासीमुळे? पूर्वी या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. आता नुसता गोंधळ होतो. खरं सांगायचं तर राग परवडला होता.

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. तो माझा. इंजिन फिटरचं. मालकी दोन्हीची शेठची, पण मालकीबद्दल कुणी विचारत नाही.

मी सुताराच्या घरातला. आमच्या घरात तीन पिढ्या बैलगाडीची चाकं होत आणि पनवेलच्या चाकांना तेव्हा घाटावरून माणसं शोधत येत. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी कल्याणच्या बाजूला लष्कराच्या कारखान्यात लागलो आणि वेल्डिंग शिकून परत आलो. वडिलांना ते आवडलं नाही. लाकडाचं सोडून लोखंडाच्या नादी लागला, म्हणून ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. तरी पुण्याच्या रस्त्याला मी पत्र्याची शेड टाकली. घाट चढायच्या आधी ट्रकवाले पनवेलला थांबायचेच, कुणाच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला, कुणाच्या चासीला चीर पडलेली. कामाला तोटा नव्हता.

फिटर पहिल्यांदा आला तो भांडायलाच. मी वेल्ड केलेल्या एका ट्रकचं इंजिन त्याने बसवलं होतं आणि ते वाकडं बसत होतं. "मिस्त्री, तुझ्या लोखंडाला काटकोन माहीत नाही," असं तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला. मी म्हणालो, "तुझ्या इंजिनाला माहीत असला तर त्यालाच विचार." दुपारपर्यंत आम्ही तो ट्रक दोघांनी मिळून सरळ केला, आणि आठवड्याभरात त्याने आपली हत्यारांची पेटी माझ्या शेडमध्ये आणून ठेवली. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, इथलाच, कित्येक पिढ्यांचा. मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं शिकलेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण मी त्याला फिटर म्हणायचो आणि तो मला मिस्त्री. शुक्रवारी ऊन कलायला लागलं, की तो हात धुवायचा, पेटीला कुलूप घालायचा आणि जायचा, ते रविवारीच उगवायचा. शनिवारी शेडमध्ये मी एकटा. माझं तसंच अवसेचं. आमच्या घरात अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी शेडमध्ये तो एकटा. बाकी सगळे दिवस आम्ही एकमेकांच्या उरावर.

शेठ मुंबईचे. कापडाचा धंदा, आणि नाद मोटारींच्या शर्यतींचा. एकदा खोपोलीच्या अलीकडे त्यांच्या गाडीचा पुढचा आस मोडला आणि ओढून आणली ती आमच्याकडे. दोन दिवसांनी ते गाडी घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत आले. म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी नवीन होती तेव्हासुद्धा एवढी सरळ चालत नव्हती. आणि फिटर, आवाज काय केलाय तुम्ही!" मग त्यांनी खिशातून एक परदेशी मासिक काढलं. त्यात एका माणसाची बसायची, चारी चाकं उघडी असलेली शर्यतीची गाडी होती, लांबट, भोपळ्याच्या बीसारखी. "अशी करता येईल का?"

मी म्हणालो, चासी करतो. फिटर म्हणाला, इंजिन करतो. दोघंही एकाच वेळी बोललो, आणि दोघांनाही वाटलं की आपण आधी बोललो.

ती गाडी करायला अख्खा पावसाळा लागला. नळ्या वाकवून, जोडून मी सांगाडा उभा केला. फिटरने एका आपटलेल्या विलायती गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन उतरवून सुटं केलं आणि माझ्या बायकोच्या पाटावर त्याचा एकेक भाग मांडला. तो पाट परत घरी गेला नाही. चाकांवर पत्रा घालायचा नव्हता, त्यामुळे गाव बघायला यायचं आणि हसून जायचं. कपडे कधी घालणार हिला, असं बायका विचारायच्या. पुढची चाकं मी माझ्या हाताने बसवली. बैलगाडीच्या चाकांना जशी आम्ही पुढून किंचित आत तोंडं देतो, म्हणजे चाक आसावरून बाहेर पळत नाही, तशी दिली. नारळ फोडला. आमच्या घरातली एक रीत आहे, चाक आसावर चढलं आणि नारळ फुटला, की त्याला पुन्हा माप लावायचं नाही. वडील सांगायचे, माप लावलं की आपलाच हात आपल्याला खोटा पडतो. फिटरने दोरी धरून मोजायला घेतलं तेव्हा मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. तो काही बोलला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण काही न बोलणं हा त्याचा स्वभावच नव्हता.

पहिल्या शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी शेठनी उरणच्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली आणि परत येऊन हातमोजे काढले, तर त्यांच्या बोटांना मुंग्या आलेल्या. गाडी थरथरत होती. मी फिटरला म्हणालो, इंजिनाचे बोल्ट फार आवळलेत, खाली रबर घातलंय त्याला जरा श्वास घेऊ दे. बैलगाडीसुद्धा जास्त ठोकून बसवली की रस्त्याशी भांडते. फिटर भडकला. "ही बैलगाडी नाही. इंजिन जागचं हललं तर मी जबाबदार नाही." आणि हात धुऊन निघून गेला. सूर्य मावळायला आला होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी शेडमध्ये एकटा. बराच वेळ मी त्या गाडीभोवती फिरलो. मग पाना घेतला आणि इंजिनाच्या चारी पायांचे बोल्ट पाव फेरा ढिले केले. जास्त नाही, पाव.

रविवारी उजाडताना आमची गाडी मिठाच्या ट्रकवर चढली. ट्रकवाला जवळच्या विचुंबे गावचा आगरी, शेठचा खास माणूस झालेला. ठाण्याला वळसा घालून आम्ही मुंबई गाठली. जुहूला विमानांच्या धावपट्टीवर रिकामी पिंपं मांडून वळणं केली होती. बाकीच्या गाड्या विलायतेहून बोटीने आलेल्या, चकचकीत, त्यांच्याबरोबर पांढऱ्या कपड्यांतले मेकॅनिक. आमच्या गाडीच्या पत्र्यावर मिठाचे खडे. पहिल्या फेरीत शेठ पाचवे होते. तिसऱ्या फेरीत दुसरे. पिंपांच्या वळणाला इतर गाड्या मागून घसरत होत्या, आमची मात्र खुंटीला बांधल्यासारखी वळायची. सुटून सरळ आली, की फिटरच्या इंजिनाचा तो चढता आवाज. मी ओरडत होतो, "चासी बघा, चासी!" फिटर माझ्या खांद्यावर गुद्दे घालत ओरडत होता, "ऐक, इंजिन ऐक!" आम्ही जिंकलो.

खाली उतरल्यावर शेठ म्हणाले, थरथर अजिबात नव्हती. फिटर माझ्याकडे वळला. "बघितलंस? आवळलं की झालं." मी मान हलवली. पोटात हसू मावत नव्हतं, आणि मी ते तसंच पोटात ठेवलं.

त्यानंतर तीन हंगाम आमच्या गाडीला कुणी हात लावू शकलं नाही. एकदा एक शर्यत हरलो ती टायर फुटला म्हणून. बाकीच्यांनी मोठी इंजिनं आणली, हलक्या चासी आणल्या, एकाने तर गोऱ्या माणसाला आणून बसवलं. आमची पनवेलची गाडी पुढेच. आणि जसजसे जिंकत गेलो तसतसा तो प्रश्न मोठा होत गेला. लोक दोन बाजूंना उभे राहून वाद घालायचे. ट्रकवाला मला येताना म्हणायचा, "मिस्त्री, आमाला काय कलतंय? पन आवाज त्या इंजानाचाच हाय. तुमची चासी तं मुकी." मी पनवेल येईपर्यंत त्याच्याशी बोलायचो नाही.

माझा शनिवारचा पाव फेरा मात्र चालूच होता. सोमवारी फिटर बोल्ट ढिले झालेले बघायचा, धावपट्टीच्या सांध्यांना शिव्या द्यायचा आणि पुन्हा आवळायचा. शनिवारी मी पुन्हा ढिले करायचो. माझी खात्री होती, की गाडी माझ्यामुळे जिंकते आणि फिटरला ते ठाऊक नाही. या खात्रीत मोठं सुख होतं. बायकोला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना सांगा ना." मी म्हणालो, सांगितलं तर तो ऐकणार नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही त्यांचं कधी ऐकता?" बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी म्हणालो आणि जेवायला बसलो.

मग एक दिवस फिटरने सांगितलं, की तो जातोय. पान्याने एक नट सोडवता सोडवता सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्याचा मेहुणा आधीच इस्रायलला गेला होता, बहीण गेली होती, आळीतली चार घरं रिकामी झाली होती. त्याच्या बायकोला भावाजवळ जायचं होतं, मुलांचं तिथे बरं होईल म्हणत होते. मला काहीच समजेना. ज्या माणसाला ठाण्याच्या पुढे गेलं की पाणी बाधायचं, तो समुद्रापलीकडे जाणार? मी विचारलं, "तिथे काय आहे?" तो म्हणाला, "मलाही नीट माहीत नाही. सगळे जातात." आणि मग मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "जा. आता तरी कळेल जिंकतं कोण."

शेठना ते बोलणं कुठून तरी कळलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. ते म्हणाले, "मिस्त्री, मी नवीन इंजिन मागवतो, मुंबईचा फिटर देतो. चासी तुमची. जिंकलो, तर तीन नव्या गाड्या करायच्या आहेत, त्या सगळ्या तुमच्या. हरलो, तर मग मी विलायती गाडीच घेतो." म्हणजे सगळं माझ्या चासीवर येऊन ठेपलं. तोवर बैलगाड्यांनाही रबरी टायर बसायला लागले होते आणि घरातलं चाकांचं काम जवळजवळ संपलं होतं. शेठचं काम गेलं असतं, तर मला ट्रकचे पाटे ठोकत बसावं लागलं असतं. पण खोटं कशाला बोलू, मला कामाची तेवढी काळजी नव्हती. मला उत्तर हवं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात फिटरच्या घरी मलिद्याचं ताट झालं. प्रवासाआधी त्यांच्यात करतात, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. मी आणि बायको गेलो होतो. त्याच्या हातचं केळं घेताना मला वाटलं, आता काहीतरी बोलावं. पण मंडळी बरीच होती. दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये पेटी न्यायला आला. मी म्हणालो, "जाताना एकदा खरं सांगून जा, चासी का इंजिन?" तो हसला. "मिस्त्री, जुनं सामान टाकू नकोस हं. तुला टाकायची घाई असते." एवढंच. मला त्या चिकटपणाचा रागच आला.

नवीन इंजिन आलं. त्याच्याबरोबर मुंबईचा फिटर आला. चांगला मुलगा, स्वच्छ काम, रोज नऊ ते सहा, शनिवारीसुद्धा. त्याच्या समोर मला बोल्टांना हात लावता येईना, आणि लावायचाही नव्हता. आता चोख परीक्षा. इंजिन लांबीने मोठं होतं म्हणून पुढचा सगळा भाग मी नव्याने केला, चाकांना जोडणारी दांडी, टायरॉड म्हणतात तो, तीही नवी. चाकांना हाताने, डोळ्याने, पूर्वीसारखीच आत तोंडं दिली. नारळ फोडला.

आम्ही चौथे आलो. पुढच्या शर्यतीत सहावे. शेठ उतरले तेव्हा त्यांची बोटं बधिर झाली होती. गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा हेलकावे घेत होती आणि पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा करपलेली भाकरी खरवडावी तशा निघाल्या होत्या. परतताना ट्रकवाला या वेळी काही बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. सगळ्यांनी मान्य केलं, की इंजिनच होतं. चासी नुसती इंजिनाला घेऊन फिरत होती. शेठ सभ्य माणूस, त्यांनी एवढंच म्हटलं, "हंगामाची शेवटची एक शर्यत आहे. ती करू, मग बघू."

मला झोप लागेना, जेवण जाईना. सारखं डोक्यात येई, की मी तीन वर्षं स्वतःची समजूत घातली. पण मग ते टायर? जुन्या गाडीचे टायर असे कधीच झिजले नव्हते. इंजिन कितीही चांगलं असलं, तरी ते टायरच्या कडा कशा वाचवणार? दोन गोष्टी एकमेकींना लागत नव्हत्या. मी शेडच्या मागे गेलो. तिथे जुना टायरॉड पडला होता, टाकायचा म्हणून ठेवलेला आणि टाकायचा राहिलेला. तो उचलून आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा, नारळ फोडलेल्या चाकांची दांडी दोरी लावून मोजली. मग नवी मोजली.

जुनी दांडी नवीपेक्षा चांगली बोटभर वेगळी होती. मी बसवली तेव्हा ती तशी नव्हती, हे शपथेवर सांगतो. कुणीतरी तिची टोकं फिरवून चाकांची तोंडं जवळजवळ सरळ केली होती. टोकाजवळची धूळ फडक्याने पुसली तर लोखंडावर पंचाने, म्हणजे खुणा करायच्या टोकदार हत्याराने, मारलेले बारीक ठिपके दिसले. एका ओळीत, एकापुढे एक, फिटर मापाच्या खुणा मारायचा तसे. शेवटचा ठिपका इतरांपेक्षा खोल होता. ठिपके दहा-बारा होते, आणि मला कळायला वेळ लागला नाही, की ते कधी मारले गेले. महिन्यातून एकच दिवस, अवसेला, तो शेडमध्ये एकटा असायचा.

मी तिथेच खाली बसलो. आधी राग आला, एवढा, की ती दांडी मी आपटली. माझ्या चाकांना हात! नारळ फोडलेल्या चाकांना! मग आठवलं, की मी दर शनिवारी काय करत होतो, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. म्हणजे जी चासी जिंकली ती माझी नव्हती. आणि जे इंजिन जिंकलं ते त्याचं नव्हतं. मग नक्की कोणाचं काय होतं? मी त्या दिवशी त्यावर जेवढा विचार केला, तेवढा पुढे कधी केला नाही, आणि उत्तर तेव्हाही आलं नाही.

विचार बाजूला ठेवून मी काम केलं. नवी दांडी जुन्या दांडीच्या खोल ठिपक्याला लावून तेवढीच केली. मुंबईचा फिटर डबा खायला गेला तेव्हा इंजिनाचे बोल्ट पाव फेरा ढिले केले. शेवटच्या शर्यतीत आमची गाडी पहिल्या वळणापासून पुढे होती.

शेठनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "चासी! शेवटी चासीच होती, मिस्त्री!" जे लोक दोन महिने इंजिन इंजिन करत होते, तेच आता चासी चासी करायला लागले. तीन गाड्यांचं काम मला मिळालं. गाडीच्या नाकावर शेठनी पितळेची पट्टी लावली, तिच्यावर माझं नाव. मी ती पट्टी लावू दिली. गप्प बसलो. माझ्या मनात होतं, की आज नको, मग कधीतरी सांगू. त्या 'मग'ला पुढे मुहूर्तच मिळाला नाही.

फिटरचं पहिलं पत्र आलं ते निळ्या हवाई कागदावर, आपल्या नेहमीच्या वळणदार मराठीत. वाळवंटाच्या कडेला कुठलंसं गाव, तिथे ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागलो, मुलं शाळेत जातात, इथे ओलं खोबरं मिळत नाही. आणि खाली: "मिस्त्री, एक अडचण आहे. इथे माझी इंजिनं थरथरतात. पाया पक्का, बोल्ट पक्के, तरी थरथरतात. पनवेलला कधी थरथरली नाहीत. तुला काही सुचतं का?"

मला काय सुचायचं ते सुचलं. पण ते लिहायचं, म्हणजे तीन वर्षांची चोरी कबूल करायची. आणि चोरी कबूल करायची, तर ठिपक्यांचंही लिहावं लागणार. आणि ठिपक्यांचं लिहायचं, तर पितळेच्या पट्टीचं? मी पत्र पेटीत ठेवलं. दोन वर्षं ते तिथेच राहिलं. बायको मधूनमधून विचारायची, "लिहिलंत का?" मी म्हणायचो, कामातून सवड कुठे आहे. शेवटी एक दिवस तिनेच कागद आणि दौत समोर आणून ठेवली आणि ती बाजूला बसून राहिली. मी एवढंच लिहिलं: "बोल्ट पाव फेरा ढिले कर. मी दर शनिवारी करायचो. माफ कर." ठिपक्यांबद्दल अवाक्षर नाही.

त्याचं उत्तर महिन्याभरात आलं.

"मिस्त्री, माझी इंजिनं थरथरत नाहीत. पाव फेरा मी इथे आल्यापासून ढिलाच ठेवतो. तो तुझाच, हे मला पहिल्या सोमवारीच कळलं होतं. धावपट्टीने ढिले झालेले चारही बोल्ट बरोबर पाव फेरा कसे ढिले होतील? तू कधीतरी स्वतः सांगशील म्हणून वाट बघत होतो. इथे येऊनही राहवलं नाही, म्हणून तसं विचारलं. ठिपके सापडले असतीलच. ते तुझ्यासाठी मारले. मला कशाला लागतात? तू माप लावणार नाहीस हे ठाऊक होतं, पण ठिपका बघशील असं वाटलं."

मी ते पत्र उभ्यानेच वाचलं, आणि पुन्हा बसून वाचलं. तो मला तीन वर्षं चोरी करू देत होता. आणि जाताना माझी रोजीरोटी माझ्याच दांडीवर लिहून गेला होता. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलं खरं ते ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला शेठच्या पेढीवर गेलो आणि सगळं सांगितलं. चाकांची चूक माझी होती, ती फिटरने सुधारली, त्याच्या खुणांवर मी पुढची कामं केली, ती पट्टी काढा, नाहीतर तिच्यावर त्याचं नाव घाला. शेठ शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी आपल्या मुनिमाकडे बघितलं आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात कारागीर. एवढं नाव झालं, तरी श्रेय दुसऱ्याला देतो." मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मिस्त्री, हा तुमचा मोठेपणा." मुनिमाने चहा मागवला. परत येताना ट्रकवाल्याला सांगून पाहिलं. तो हसला. "काय मिस्त्री, मस्करी करताव? चासीच हाय ती. आता समद्यांना कललाय."

घरी येऊन मी लगेच लिहायला बसलो. बायकोने विचारलं, या वेळी दोन वर्षं नाही ना लागायची? मी मान हलवली. फिटरला लिहिलं, की ठिपके सापडले, त्यांच्यावर माझं घर चाललं आहे, नाव माझं झालं आहे आणि तुझं कुणी घेत नाही. मीही घेतलं नव्हतं. शेठना सांगितलं, ट्रकवाल्याला सांगितलं, कुणी मानत नाही. शेवटी खाली लिहिलं, तू ये आणि तूच सांग. नाही सांगितलंस तरी चालेल, पण ये.